गुणवंतराव वकिलांची सनद आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे. सध्या कोर्टाच्या अडगळीच्या खोलीत एका मोडक्या बाकाला टेकून उभा आहे. इथे कुणी फिरकत नाही. पण मला काही स्वस्थ राहवत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझे लाकूड आलापल्लीच्या जंगलातले. पोचू नावाच्या सुताराने मला रंधा मारला, चौकट बसवली आणि बैलगाडीत घालून चांदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाठवले. तिथे कोर्टाच्या व्हरांड्यात मला टांगले. समन्स, लिलावाच्या नोटिसा, तारखांचे तक्ते, सारे माझ्या अंगावर डकवत. खळीने अंग चिकट होई, टाचण्यांनी भोके पडत. तरी मला त्याचा अभिमान होता. "फलकावर लागलं काय?" असे विचारत लोक यायचे. इंग्रज गेले, आपले राज्य आले, पण माझे काम तेच राहिले.

माझ्यासमोरच्या बाकावर गुणवंतराव वकील बसत. माणूस मोठा गोडबोल्या. पक्षकाराच्या पोराबाळांची, गुराढोरांची विचारपूस करायचे. एकदा जंगलकाठच्या गावची सोमारी त्यांच्याकडे आली. तिचा नवरा वारला होता आणि तिच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतावर, एका लाकडाच्या ठेकेदाराने हक्क सांगितला होता. गुणवंतरावांनी तिचे वकीलपत्र घेतले. पण पुढे पुढे तो ठेकेदारही त्याच बाकावर येऊन बसू लागला. दोघे हळू आवाजात बोलत. मला ते आवडत नव्हते.

सुनावणीच्या दिवशी सोमारी जंगलवाट तुडवत वेळेवर आली. गुणवंतराव म्हणाले, "आज तुही तारीख नाई, बाई. पुढं गेली. जाय, बाजार कर आन् घरी जाय."

"खरंच काय, वकीलसाहेब?"

"मी कायले खोटं बोलू?"

ती गेली. थोड्या वेळाने शिपाई मुखरू दारात आला आणि त्याने सोमारीच्या नावाचा पुकारा केला. एकदा केला, पुन्हा केला. गुणवंतराव पान लावत बसले होते.

"वकीलसाहेब, ती बाई आत्ता इथीच होती ना?" मुखरूने विचारले. "तुमीच तं तिले घरी पाठवलं."

"तू आपला पुकारा कर," गुणवंतराव म्हणाले.

त्या दिवशी निकाल एकतर्फी लागला. बांधी ठेकेदाराची झाली.

सोमारीला हे कळले ते ठेकेदाराच्या माणसांनी बांधीत नांगर घातला तेव्हा. ती धावत कोर्टात आली. "मुखरूभाऊ, माही तारीख कवा हाय?" मुखरूने मान खाली घातली आणि घडले ते सांगितले. ती माझ्याखाली भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मग उठली आणि सरळ न्यायाधीशांपुढे जाऊन उभी राहिली.

गुणवंतरावांची चौकशी लागली. साक्षीदार एकटा मुखरू. गुणवंतराव त्याला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "तुह्या जावयाले नोकरी लावून देतो. तू काई आयकलं नाई, एवढंच सांग."

मुखरूच्या लेकीच्या घरी खायची भ्रांत होती. तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला. माझ्यासमोर थांबे, पुन्हा चालू लागे. माझाही जीव खालीवर होत होता. अखेर तो साक्षीला उभा राहिला आणि जे ऐकले होते ते त्याने जसेच्या तसे सांगितले.

पुष्कळ महिन्यांनी नागपूरहून वरच्या कोर्टाचा हुकूम आला. गुणवंतरावांची सनद रद्द! मुखरूने तो हुकूम माझ्या छातीवर मधोमध डकवला. सोमारीचा दावाही पुन्हा ऐकायचे ठरले. आता सारे ठीक होईल, असे मला वाटले.

मित्रांनो, तसे झाले नाही. बाजाराच्या दिवशी गुणवंतराव तोच काळा कोट घालून त्याच बाकावर हजर! कोर्टात उभे राहता येत नव्हते, पण लांबून आलेल्या माणसाला ते कुठे ठाऊक? वाचता येणारे हुकूम वाचत, आपसात कुजबुजत आणि निघून जात. वाचता न येणारे हुकुमाकडे पाठ करून गुणवंतरावांशी बोलत. त्यात तेंदूपानाच्या लिलावाची नोटीस अर्ध्या हुकुमावर चिकटवली गेली. माझी तगमग झाली.

अशाच एका दिवशी सोमारी आपल्या तारखेला आली. बाकावर तिच्या ओळखीचा लच्छू नावाचा एक म्हातारा आपले गाऱ्हाणे गुणवंतरावांना सांगत होता. सोमारी आधी मुखरूकडे गेली. "फलकावर लिवलं तरी काय हाय, मले वाचून सांग." मुखरूने वरची नोटीस बाजूला सारून हुकूम वाचला. तो ऐकून ती बाकापाशी गेली.

"लच्छूभाऊ, उठ. हा आता वकील नाई. फलकावर लागलं हाय."

गुणवंतराव हसले. "अडाणी बाई! तुले वाचता येते काय?"

"मले नाई येत," सोमारी म्हणाली. "तुमाले येते ना? मंग तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा."

व्हरांड्यातली माणसे वळली. लच्छू म्हणाला, "हो साहेब, वाचा."

गुणवंतराव उठून माझ्यासमोर आले. त्यांचे डोळे ओळींवरून फिरले. कोट काढून त्यांनी हातावर टाकला आणि पायऱ्या उतरून ते गेले. त्या बाकावर ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

सोमारीला तिची बांधी मिळाली.

पुढे कोर्टात काचेचा, कुलपाचा नवा फलक आला आणि मला इथे आणून ठेवले. त्याचा मला राग नाही. पण तो फार उंच टांगला आहे म्हणे आणि काचेवर धूळ बसते. कुणाकुणाचे हुकूम आत असतील, कोण जाणे! मित्रांनो, तुम्हाला अक्षरे येतात. फलकापुढून जाताना घटकाभर थांबा, काच पुसा. आणि शेजारी कुणी नुसतेच बघत उभे असेल, तर आत काय लिहिले आहे ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा.