एका जागी न बसणारा बिल्ला

थांबा, मित्रांनो, आधी मला जरा सरकू द्या. हं, आता बरं वाटलं. मी एक जुना बिल्ला आहे. स्लॉट मशीनच्या तोंडात टाकतात ना, तसला गोल, पोलादी बिल्ला. माझ्या कडेला एक खाच पडली आहे. एका जागी बसणं मला मुळीच जमत नाही. माझा जन्मच फिरण्यासाठी झाला, आणि फिरणं थांबलं की माझा जीव कासावीस होतो. तेव्हा गोष्ट सांगता सांगता मी इकडून तिकडे घरंगळलो, तर रागावू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. धाडकन ठोका बसला आणि माझ्या पोटावर पांगाऱ्याचं फूल उमटलं. पांगाऱ्याला आमच्या ओकिनावात देइगो म्हणतात आणि तेच आमच्या स्लॉट मशीनांच्या खेळघराचं नाव. ज्या बाईंनी हे खेळघर काढलं त्यांच्या दारात पांगारा होता, म्हणून ही खूण. प्रत्येक खेळघराची खूण वेगळी असते. एका घरचा बिल्ला दुसऱ्या घरच्या मशीनमध्ये बसला, तरी तिथे चालवून घेत नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. जपानात इतरत्र हे बिल्ले लहान असतात. आमच्या बेटांवर मात्र मोठे, चांगले बोटांत धरता येतील असे. का, ते मला विचारू नका. मी मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

काय ते दिवस होते! बादलीतून बोटांत, बोटांतून मशीनच्या तोंडात, तोंडातून पोटात, आणि कुणाचं नशीब फळफळलं की खडखडाट करत खालच्या ताटलीत. क्षणाची उसंत नाही. मशीनच्या कपाळावर जास्वंदीचं फूल असायचं. ते पेटलं की जिंकलात, नाही पेटलं की नाही. वाचायचं काही नाही, शिकायचं काही नाही. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या मंडळींचा या मशीनांवर जीव होता.

आता खरं तेच सांगतो. ते फूल बहुतेक वेळा पेटत नसे. माणसांच्या बादलीत मी जितक्यांदा परत आलो, त्याहून कितीतरी जास्त वेळा त्यांच्या हातून गेलो. दारात तुमच्यासारखी मुलं डोकावली की काउंटरवरची फुमीताई ओरडायची, "ए, पळा इथून! अभ्यास नाही का तुम्हाला?" तिचं बरोबरच होतं.

पण देइगोचा एक नियम होता. मालकीणबाईंनी घालून दिलेला. बादलीचा तळ लागला की उठायचं. पुन्हा बादली भरून मिळायची नाही. कामादो आजी आमची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. नव्वदीच्या घरातली, पण रोज सकाळी कारल्याच्या वेलांना पाणी घालून चालत यायची. फुमीताई लांबूनच विचारायची, "आजी, तळ लागला का?"

"लागला मघाशीच! हाताला कळलं माझ्या. तू तुझं काम कर." असं म्हणत आजी उठायची, कंबर सरळ करायची आणि घरी जायची. उद्या परत हजर.

मालकीणबाई गेल्या आणि त्यांचा मुलगा चोकेई तोमोरी खेळघर बघू लागला. साठीचा, भला माणूस, पण स्वभावानं माझ्यासारखाच चुळबुळ्या. विचारात पडला की बिल्ला बोटांवरून चालवायचा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत. खाचेमुळे मी त्याच्या बोटाला ओळखू यायचो, म्हणून नेहमी मलाच निवडायचा. कितीतरी दिवस मी त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलो आहे.

आमच्याकडे मशीनांचं आयुष्य सरकार ठरवतं. मुदत संपली की मशीन कितीही धडधाकट असो, काढावं लागतं. त्या उन्हाळ्यात आमच्या जास्वंदींची मुदत संपत आली. हमरस्त्यावर मोठी चकचकीत खेळघरं झाली होती, गिऱ्हाईक आटलं होतं. चोकेईची ऐपत एकदाच मशीनं घेण्याची होती. निवड चुकली तर देइगोला कुलूप. हे त्याला ठाऊक होतं, फुमीताईला ठाऊक होतं आणि मला तर त्याच्या बोटांवरूनच कळत होतं. इतक्या जोरात त्यानं मला कधी फिरवलं नव्हतं.

आधी नाहा शहरातून एक विक्रेता आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. चित्रं पसरून म्हणाला, "साहेब, या मशीनांना बिल्ले लागतच नाहीत. सगळा हिशोब पडद्यावर, आकड्यात. धुवायला नको, पुसायला नको, खडखडाट नको."

मला दरदरून घाम फुटला असता, पण पोलादाला घाम येत नाही. बिल्ले लागतच नाहीत म्हणजे काय? मग आम्ही काय करायचं?

शेजारच्या मशीनवरून कामादो आजीनं मान वळवली. "आणि मी हरले, हे मला कसं कळायचं रे?"

"पडद्यावरचा आकडा कमी होतो ना, आजी."

"आकडा कुणाला दिसतोय? बादली हलकी झाली की माझा हात मला सांगतो, ऊठ कामादो, घरी जा. तुझं मशीन सांगेल का मला घरी जा म्हणून?"

विक्रेता हसला. "असं कुठलं मशीन सांगेल, आजी!"

"मग ने बाबा परत. चहा पिऊन जा."

चोकेईनं ती चित्रं घडी घालून परत केली. मला हुश्श झालं. आजीचे पाय धरावेसे वाटले, पण मला हात कुठे आहेत!

मग चोकेईनं ओसाकाच्या एका दलालाकडून वापरलेली, पण मुदत शिल्लक असलेली मशीनं मागवली. चित्रात पाहून. तीच जास्वंद, तोच दांडा, भावही बेताचा. चोकेई खूश, फुमीताई खूश. सुट्टीच्या दिवशी मशीनं आली आणि रांगेत बसवली. नव्या मशीनमध्ये पहिला बिल्ला सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकानं टाकायचा, अशी आमची पद्धत. कामादो आजी नवं झंपर घालून, गरमागरम अंदागी, म्हणजे आमच्याकडचे गुळाचे गुलगुले, तळून घेऊन आली. चोकेईनं खिशातून मला काढलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

आजीनं मला मशीनच्या तोंडाशी नेलं. मी आत जायला आसुसलो होतो. आणि अडकलो! अर्धाही आत गेलो नाही.

आजीनं दाबून पाहिलं. फिरवून पाहिलं. मग मागे सरून म्हणाली, "चोकेई, अरे हे तोंड आहे की नाकपुडी?"

चोकेईचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मशीनचे दोन प्रकार निघतात हो, मित्रांनो. एक लहान बिल्ल्याचा, एक मोठ्या बिल्ल्याचा. रूप तेच, फूल तेच. चित्रात कळायचं कसं? ओकिनावातला माणूस जास्वंद पाहिली की तोंड मोठंच धरून चालतो. चोकेईही तसाच धरून चालला.

"थोडं कापून रुंद नाही का करता येणार?" आजीनं विचारलं.

"मशीनला कानस लावली तर पोलीस मला आत घालतील, आजी."

फुमीताई हळूच म्हणाली, "लहान बिल्ले मागवू या का?"

"आणि यांचं काय?" चोकेईनं मला मुठीत घट्ट धरलं होतं.

फुमीताई खाली बघत म्हणाली, "भंगार, दुसरं काय."

आजीनं आपली वाकडी झालेली बोटं पुढे केली. "लहान चकती माझ्या या बोटांत ठरायची नाही. पण माझ्यासाठी अडून बसू नकोस हो. मी आज आहे, उद्या नाही." मग तिनं अंदागीचा डबा उघडला. "खा आधी. उपाशीपोटी रडू नये."

त्या दिवशी तिघांनी गार झालेले अंदागी खाल्ले. माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं. भंगार, भंगार, भंगार.

दलालानं मशीनं परत घेतली, पण खोट काढून. चोकेईच्या हाती उरलं ते निम्म्याहून कमी. एवढ्या पैशात कुठून मिळणार मशीनं? तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की आपल्याच ओकिनावातल्या मियाको बेटावर तोयो सुनागावा नावाच्या बाई आपलं खेळघर बंद करताहेत आणि त्यांच्या मशीनांची मुदत अजून शिल्लक आहे. चोकेईनं फोन केला. पलीकडून आवाज आला, "तोंड मोठं ना म्हणून काय विचारतोस? मियाकोतली मशीनं आहेत ही!"

तरी या वेळी चोकेईनं मला खिशात टाकलं आणि विमानानं मियाकोला गेला. पहिल्यांदा नेलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. असो.

तोयोताई दारातच उभ्या होत्या. पिकलेले केस, आवाज खणखणीत. चोकेईनं मला बाहेर काढलेलं पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "माझ्या शब्दावर विश्वास नाही वाटतं?"

"रागावू नका, तोयोताई. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितोय."

"पी बाबा, पी. सगळी फुंकून घे."

आणि मग माझी गंमत सुरू झाली! आजवर लोक मला टाकत आले. त्या दिवशी मी मशीनं निवडत होतो. चोकेई प्रत्येक मशीनपुढे बसायचा, मला तोंडात टाकायचा, दांडा हलवून बघायचा, परतीचं बटण दाबायचा. मी गुळगुळीत आत, खणकन बाहेर. "हे चांगलं." पुढचं. जरा घसा धरलेला. "हे नको." पुढचं. आनंदानं मी वेडा झालो होतो.

भिंतीशी पोती रचलेली दिसली. त्यांत तोयोताईंचे बिल्ले होते, पोटावर खेकड्याची खूण असलेले. भंगारवाला यायचा होता. ते इतके गप्प होते की मला तिकडे बघवेना.

दाराजवळ शेवटचं मशीन होतं. तोयोताई म्हणाल्या, "ते विकायचं नाही. आमचे हे बसायचे तिथे."

"नुसतं बसून बघू?"

"बस."

चोकेईनं मला आत टाकलं. इतक्यात बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. विमानाची वेळ झाली होती. चोकेई धडपडत उठला, वाकून वाकून नमस्कार केले, आणि तोयोताईंनी विजेचा मोठा खटका खाली ओढला. अंधार! मी ओरडलो, अरे चोकेई, मी इथे आहे! पण बिल्ल्याचं ऐकतं कोण? दार लागलं.

मित्रांनो, त्या मशीनच्या पोटात मी पडून राहिलो. किती काळ, कोण जाणे. तो काळ मला आठवला की अजून अंगावर काटा येतो. हलणं नाही, आवाज नाही. माझ्या स्वतःच्या हालांपेक्षा मला दुसरीच काळजी पोखरत होती. मी निवडलेली मशीनं पोचली का? पोलिसांनी तपासून पास केली का? कामादो आजीच्या हातून बिल्ला आत गेला का? की देइगोला कुलूप लागलं, आणि माझे सोबतीही पोत्यात गेले?

मग एक दिवस मशीन हललं. उचललं, नेलं, ठेवलं. दिवे लागले. माझ्या अंगावर खेकड्याचे चार बिल्ले धबाधब पडले, आणि थोड्या वेळानं आम्ही सगळेच खडखडाट करत ताटलीत आलो. उजेड! समोर तोयोताईंचं स्वयंपाकघर होतं. त्यांनी ते मशीन घरी आणलं होतं आणि एका पोत्यातले ओंजळभर बिल्ले ठेवून घेतले होते.

त्यांच्या अंगठ्याखाली मी आलो. अंगठा थांबला. त्यांनी चष्मा लावला, मला उलटंपालटं केलं आणि फोन उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन बोलतोही मोठ्यानं. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"चोकेई, तुझा एक माणूस माझ्याकडे राहिलाय."

"कोण?"

"गोल आहे. पोटावर फूल, कडेला खाच."

पलीकडे चोकेई ओरडलाच, "अहो, मी त्याला कुठे कुठे शोधलं! शर्टाचे खिसे उसवून पाहिले!"

"आता शिवून टाक ते. आणि माझी मशीनं कशी आहेत?"

"थोडीच आहेत, पण रोज भरलेली असतात. पहिला बिल्ला कामादो आजीनं टाकला. बिल्ला आत गेला, आणि तोयोताई, मी सगळ्यांसमोर रडलो."

"फूल पेटलं का?"

"कुठलं पेटतंय! तासाभरात बादलीचा तळ लागला. उठल्या, म्हणाल्या, झालं माझं, कारल्यांना पाणी घालायचंय. दुसऱ्या दिवशी परत हजर."

तोयोताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

"नव्या वर्षाला येऊन त्याला घेऊन जातो," चोकेई म्हणाला.

"ये. तोवर काय करू याचं? देवाजवळ ठेवू?"

"नको, नको!" चोकेई घाईघाईनं म्हणाला. "त्याला एका जागी ठेवू नका. त्याला सवय नाही. खेकड्यांबरोबर फिरू द्या त्याला."

तेव्हापासून मी इथे फिरतो आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही अशा वस्तू असतील, ज्या हाताळण्यासाठीच केलेल्या आहेत. त्यांना कपाटात कोंडून 'जपून ठेवलंय' असं म्हणू नका. नवी वस्तू आणायला निघालात तर जुनीला बरोबर न्या, जुळतं का ते तिलाच बघू द्या. आणि हो, परत निघताना खिसा चाचपायला विसरू नका! माझ्या नादाला मात्र लागू नका. मोठे झाल्यावर कुणी लागलंच, तर बादलीचा तळ हाताला लागताच उठा.

आता पुरे. भांडी घासून झाली, तोयोताई हात पुसत इकडेच येताहेत. त्यांनी बादली उचलली. चला, मी निघालो.