शिळ्या उसाचा प्रश्न

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर चांगुणा साळवेनं पहिली पत्रं टाकली. नगरच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. शेवगावच्या बाजारपेठेत हमाली करणाऱ्या सहादूची ही थोरली. डिग्री मिळाली तर पुढं काय करायचं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि वस्तीत विचारावं असंही कुणी नव्हतं. साखर कारखान्यात केमिस्ट असतो एवढंच तिनं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत वाचलं होतं. मग जिल्ह्यातल्या सहा कारखान्यांच्या चीफ केमिस्टांना तिनं वळणदार अक्षरात लिहिलं : ‘मी गरीब घरातील विद्यार्थिनी असून मला आपले मार्गदर्शन मिळावे.’

महिना गेला. हॉस्टेलच्या टपालात तिचं नाव काही निघेना. तिनं पुन्हा सहा कार्डं टाकली. एकाचं छापील उत्तर आलं, ‘जागा रिक्त नाही’. तिनं नोकरी मागितलीच नव्हती! त्या दिवशी ती जेवली नाही.

संक्रांतीला घरी गेली तेव्हा गोजरबाईनं, तिच्या आईनं, लेकीचं उतरलेलं तोंड पाहून विचारलं. चांगुणानं सगळं सांगितलं. सहादू ओट्यावर खांद्याला तेल चोळत बसला होता.

‘‘काय लिवलंस त्यात?’’

‘‘मार्गदर्शन करा म्हणून.’’

‘‘मंजी काय करायचं त्यांनी?’’

‘‘वाट दाखवायची,’’ चांगुणा म्हणाली.

‘‘हे बघ,’’ सहादू म्हणाला, ‘‘बाजारात मी ‘मदत करा, मदत करा’ म्हणून वरडलो तर कुनी ढुंकून बगत न्हाई. पर ‘एवढं पोतं जरा टेकवा’ म्हणलं का रस्त्यानं चाललेला मानूसबी हात लावतो. मोठं मागू नको, चांगुणे. हातात मावंल असं माग.’’

नगरला परतताना तिच्या पिशवीत उसाची चार कांडी होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या कानिफनाथ शिपायाच्या हातापाया पडून तिनं, रसात तरंगवून साखरेचा अंदाज घेतात तो, हायड्रोमीटर मिळवला. दोन कांड्यांचा रस त्याच दिवशी काढून मोजला, उरलेल्या दोन कांड्यांचा पाच दिवसांनी. शेतकरी म्हणतात शिळ्या उसाची साखर उडते; पण शिळ्या उसाच्या रसाचा आकडा तर चढलेला! तिनं तीनदा मोजला. आकडा तोच.

या वेळी सहाही कार्डांवर तिनं आपल्या गरिबीचा उल्लेख केला नाही. दोन्ही आकडे लिहिले आणि खाली एकच ओळ : ‘शेतकरी चुकतात, की मी चुकते?’

नवव्या दिवशी पाकीट आलं. कोपरगावकडच्या एका कारखान्यातून. रंगनाथ देवकर, चीफ केमिस्ट. ‘दोघेही बरोबर. शिळ्या उसातले पाणी उडते, म्हणून रस दाट होतो आणि आकडा चढतो. पण त्या दाट रसातली खरी साखर मोडत जाते. तुमचे यंत्र दाटपणा मोजते, साखर नव्हे. साखर मोजणारे यंत्र आमच्याकडे आहे. रविवारी या, सोबत वडील असावेत.’

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं बापलेक निघाले. कारखान्याच्या फाटकाशी मळीचा आंबूस वास नाकात शिरला. पुढं जन्मभर तो वास कुठंही आला की चांगुणाचं पाऊल थबकत असे. देवकर साहेब पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी सहादूला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मग चांगुणाला एका लांब नळीच्या यंत्रापाशी नेलं. ताज्या आणि शिळ्या उसाचा रस त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

‘‘डोळा लावा. दोन अर्ध्या चकत्या दिसतात? दोन्ही सारख्या उजळ होईपर्यंत फिरवा.’’

तिनं फिरवलं. दोन्ही बाजू एक झाल्या.

‘‘आता आकडा वाचा.’’

तिनं दोन्ही रस मोजले. ताज्या रसाचा आकडा वर, शिळ्याचा खाली. चांगुणाला हसू आवरेना.

‘‘साहेब,’’ तिनं धीर करून विचारलं, ‘‘माझी आधीची दोन पत्रं मिळाली नव्हती का?’’

देवकरांनी चष्मा काढून पुसला. ‘‘मिळाली होती. मुलीला इथं पाळीवर कोण घेणार, म्हणून ठेवून दिली. खोटं कशाला सांगू? पण तिसरं बाजूला ठेववेना. उत्तर दिल्याशिवाय झोपच येईना.’’

‘‘मग आता घ्याल का?’’

‘‘मी घेईन. संचालक घेणार नाहीत. तुम्ही मातीच्या, उसाच्या संशोधनाकडं जा. एम.एस्सी. करा. तिथं दार थोडं तरी उघडतं.’’

सहादू मधेच म्हणाला, ‘‘साहेब, तवर तिला हितं येऊ द्याल का? सुट्टीच्या दिशी.’’

‘‘हंगाम संपेपर्यंत या,’’ देवकर म्हणाले. ‘‘पण नुसतं बघायला नाही. बाटल्या धुवाव्या लागतील.’’

ती नऊ रविवार गेली. बाटल्या धुतल्या, रस गाळला, आकडे वहीत उतरवले. एम.एस्सी.ला पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. पुढं ती ऊस संशोधनाच्या प्रयोगशाळेत लागली आणि अठ्ठावीस वर्षं तिथंच राहिली.

देवकर निवृत्त होऊन गावी गेले तरी पत्रं येत राहिली. ‘शाब्बास’ असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक नवा प्रश्न असायचा, आणि त्याचं उत्तर शोधण्यात चांगुणाचे आठ-आठ दिवस मजेत जायचे.