पाचवी बाटली

"डॉक्टर, पोटात जंत झाले की अस्वलंही झोपेत दात खातात का?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. शाळेच्या बसमधून उतरतानाच पैज लागली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. मुलीने विचारला, तोही सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. मागे खिदळणं सुरू झालं, बाईंनी डोळे वटारले. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती मान ताठ करून उत्तराची वाट बघत होती.

प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर हसल्या नाहीत. दातांचं माहीत नाही, म्हणाल्या, पण जंत आतून पोखरतात आणि एवढ्या केसांखाली हाडं वर येईपर्यंत कळत नाही. म्हणून तर पाच अस्वलांच्या विष्ठेच्या पाच बाटल्या दर आठवड्याला तपासायच्या. बाटल्या टेबलावर ओळीने होत्या, झाकणांवर आकडे. पाचही साफ निघाल्या होत्या.

"मग म्हातारी का वाळतेय?" मुलीनेच विचारलं. म्हातारी म्हणजे पाच नंबरची अस्वलीण. अस्वलांची देखभाल या मुलीच्या बाबांकडेच होती.

"तेच कळत नाही. उद्या सकाळी बेशुद्ध करून तपासणार. या वयात ती उठेलच असं नाही, पण दुसरा मार्ग उरला नाही."

मैत्रिणी सूक्ष्मदर्शकापाशी ढकलाढकली करत होत्या. ती बाटल्यांपाशी वाकली. चौथीत कलिंगडाच्या काळ्या बिया दिसत होत्या. पाचवीतही. कालच जेवताना बाबा आईला सांगत होते, म्हातारीने आठ दिवसांत कलिंगडाला तोंड लावलं नाही, नुसत्या दुधावर आहे. मग तिला बाबांचा सुजलेला गुडघा आठवला, आणि पाचव्या पिंजऱ्याच्या सात पायऱ्या.

मैत्रिणीने कोपर मारलं, आता काय विचारतेस? आता पैज नव्हती, आणि आवाजही निम्मा राहिला होता.

"डॉक्टर, एक रिकामी बाटली मिळेल?"

संध्याकाळी बाबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. दात खाण्याचा किस्सा ऐकून दोघंही हसली. असले आगाऊ प्रश्न कुठून सुचतात हिला, आई म्हणाली.

"बाबा, पाचव्या बाटलीत कलिंगडाच्या बिया होत्या."

चोळणारा हात थांबला.

"एकदाच," बाबा म्हणाले. आईच्या हातातली घडी तशीच राहिली. "एकदाच नाही, महिना झाला. चौथ्या पिंजऱ्यातलंच पाचव्या बाटलीत भरतोय. गुडघ्याचं सांगितलं असतं तर मला फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं असतं. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही गं."

आईने हळूच विचारलं, "तू कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

तिने दप्तरातून बाटली काढून तेलाच्या वाटीशेजारी ठेवली. झाकणावर तिच्या अक्षरात पाचाचा आकडा होता.

"उद्या सहाला मी तुमच्याबरोबर येतेय. तुम्ही म्हातारीला आतल्या खणात घेऊन दार लावा, पायऱ्या मी उतरणार. बेशुद्ध करायच्या आधी ही बाटली डॉक्टरांच्या हातात मी देणार, आणि ही वेगळी का, तेही सांगणार. तुम्ही आधी बोललात, तर मी नुसती शेजारी उभी राहीन."