दाण्याची कड

माझ्या हातून गेलेला दाणा मी विसरत नाही, असा माझा तोरा आहे. खडक भरडायचा, धुवायचा आणि उरलेल्या चिमूटभर भुकटीतून झिरकॉन या खनिजाचे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं वेचून चकतीवर ओळीनं लावायचे, हे माझं काम. म्हणून नणंदेच्या चकतीवर तो काळपट, गोलसर दाणा दिसला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हा मी वेचलेला नव्हता.

नणंद आमच्याच प्रयोगशाळेत संशोधन करते. दाण्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. दोन्ही मोजली की वय कळतं. तिच्या पट्टेदार खडकातल्या बाकी दाण्यांचे गाभे दोनशे ऐंशी कोटी वर्षांचे निघाले, हा एकटाच साडेतीनशे कोटींचा. परीक्षकांनी ‘यात नवीन काय’ म्हणून प्रबंध परत पाठवलेला, मुदत संपत आलेली, आणि नेमका आत्ताच हा म्हातारा हजर! यंत्राची मापं ताडून पाहायला अगदी याच वयाच्या दाण्यांची कुपी आमच्या कपाटात असते. किल्ल्या आम्हा दोघींकडेच.

त्यात बाईसाहेब माझी नजर टाळायला लागल्या. जेवताना भावाशी बोलायची, माझ्याशी नाही. नवऱ्याकडे विषय काढला, तर तो म्हणाला, तुला संशय घ्यायला निमित्तच लागतं. बहिणीचा कैवारी! पण मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. लबाडी उघडकीला आली असती तर तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

खात्री करायचा एकच मार्ग होता. तिचा खडक एकशे नव्वद कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली तापून, दबून पालटला, तेव्हा त्यातल्या दाण्यांवर नवी कड चढली. हा दाणा तिथलाच असेल तर त्याची कडही तेवढ्याच वयाची हवी. कुपीतल्या दाण्यांना तसली कड नव्हती. पण कड केसाच्या निम्म्याहून बारीक. वय मोजायला ती लेझरनं जाळावीच लागते, त्यामुळे नेम चुकला तर दुसरी संधी नाही.

कड तपासू या, असं मी तिला म्हटलं. मला वाटलं, ती फाटे फोडेल. ती म्हणाली, "आत्ताच तपासा."

मी श्वास रोखून नेम धरला. पडद्यावरचे आकडे सावकाश स्थिरावले. एकशे नव्वद कोटी. दाणा तिच्याच खडकातला होता. मीच वेचला होता आणि विसरले होते.

ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मला हायसं वाटलं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटली. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "वहिनी, मला माफ करा. मला वाटलं, माझी कीव येऊन तुम्हीच कुपीतला दाणा लावलात. तोंडावर कसं विचारू, कळेना. उद्या प्रबंध मागे घेणार होते मी. तुमच्या नोकरीवर गदा यायला नको म्हणून."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी तिच्याबद्दल काय धरून बसले होते, ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.