माझा पत्ता दरीतच राहिला

मित्रांनो, मी एक जुना, काचेला तडा गेलेला फोन आहे, बोलणाऱ्याचं तोंड दाखवणारा. कारखान्यात मला स्वतःचं नाव मिळालं होतं, पण इंटरनेटच्या जाळ्यात ते कोणी विचारतच नसे. जिथे ठेवाल तिथला आकडी पत्ता, हीच माझी ओळख.

रोदिका इटलीला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघाली, तेव्हा तिने मला आपल्या बापासाठी, तोदेरसाठी आणलं. माझा पत्ता तिने स्वतःच्या फोनात घालून घेतला. "बाबा, वाजला की हिरवं बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावू नका!" हिवाळाभर ती रोज दिसायची. तोदेर बाहीने माझी काच पुसायचा. तेव्हा माझा काय तोरा होता!

ईस्टरला तिला रजा मिळाली नाही. तोदेर भडकला. "मग येऊच नकोस!" म्हणाला आणि त्याने कॉल तोडला.

चारच दिवसांनी संत गेओर्गेचा सण आला, मेंढ्या दरीतल्या गावातून डोंगरावर न्यायचा दिवस. त्याने मला घोंगडीत गुंडाळून गाढवावर बांधलं. वरच्या खोपटात मला जाळं मिळालं, पण पत्ता नवा. रोदिका जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

स्वतः फोन लावणं तोदेरला येत नव्हतं; रोज चीज करून झालं की तो माझ्यासमोर बसे. जोडीचा मेंढपाळ गावरिल चिडवायचा, "तोदेरदादा, टक लावून तो वाजणार आहे का? मक्याच्या पिठाची मामालिगा निवतेय."

"वाजेल रे. रागावलीय पोरगी. ते शब्द मला परत घ्यायचेत."

ऑगस्टात छातीत कळ येऊन तो गेला. मी समोरच होतो. एकदाही वाजलो नाही, याची मला अजून लाज वाटते.

रोदिका धावत आली. बापाने रागाने आपल्याला तोडलं, असं धरून बसलेल्या तिने गावातही कोणाला विचारलं नव्हतं. गावरिलने सगळं सांगितलं, तेव्हा ती मला उचलून थेट शहरात घेऊन गेली.

शहरातला दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ठिकाणालाच नाव समजण्याची चूक झाली. आता नाव कायम राहील. फोन कुठेही गेला, की स्वतःच एका यादीत नवं ठिकाण कळवेल. तुम्ही फक्त नावाने हाक मारायची." अर्ध्या तासाचं काम होतं ते.

मित्रांनो, आपलं माणूस नेहमीच्या जागी सापडलं नाही, तर ते रुसलं असं ठरवून गप्प बसू नका. नाव घेऊन विचारत सुटा.

आता मी गावरिलबरोबर डोंगरावर जातो आणि तिथेही वाजतो. रोदिका मेंढ्यांची चौकशी करते, पावसाची करते. मग म्हणते, "गावरिलकाका, बाबा काय म्हणाले होते, परत एकदा सांगा ना."

आणि तो परत सांगतो.