उरलेली बाजू

राज्यघटना शिकवायची म्हणजे पहिली लढाई मुलांना जागं ठेवण्याची. कायद्याच्या कॉलेजातल्या बाईंनी ती सोमवारच्या तासाने जिंकली होती. त्या तासाला पुस्तक बंद. कोर्टातली ताजी बातमी वर्तमानपत्रातून कापून फळ्याला चिकटवायची, वर्गाने दोन बाजू घ्यायच्या आणि मनसोक्त भांडायचं. शेवटी हात वर करून निकाल. हात मात्र मनाला आवडलं म्हणून नाही, ज्याचा युक्तिवाद सरस त्याच्यासाठी वर करायचा, मग पोटात दुखलं तरी बेहत्तर. आणि एखादी बाजू घ्यायला कोणीच उठलं नाही, तर ती बाईंची. "ज्याच्या बाजूनं कोणी नाही त्यालाच वकील लागतो," असं त्या म्हणायच्या, आणि हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडायचं. माणसाला स्वतःचंच वाक्य आवडायला लागलं की ते कधी ना कधी अंगाशी येतंच.

झालं असं, की मागच्या महिन्यात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या एका विश्वस्तांवर खटला भरला गेला आणि मुलांनी ती बातमी फळ्यावर लावली. त्या दिवशी पोरांनी विश्वस्तांची सालटी काढली. कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि विश्वस्तांनी घरी बसून ऐकलं. आठवड्याच्या आत प्राचार्यांचं परिपत्रक निघालं: कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांची वर्गात चर्चा करू नये, एक तारखेपासून. म्हणजे सोमवारचा तास संपला. पण पोरं गप्प बसणारी नव्हती, त्यांना बाईंनीच बिघडवलं होतं. त्यांनी परिपत्रकाविरुद्ध कोर्टात अर्ज टाकला. सुनावणी शुक्रवारी होती.

बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या, पण दाखवायची सोय नव्हती. त्यांची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि त्यांना कायम करायचा प्रस्ताव प्राचार्यांच्या टेबलावर पडून होता. शेवटच्या सोमवारी सकाळी मोजे शोधता शोधता नवरा म्हणाला, "आज वर्गात तू फार बोलू नकोस."

"बोलायचाच पगार मिळतो तिला," सासूबाई आतून म्हणाल्या. "गप्प बसायचा मिळत असता तर तुझ्या बाबांनी बंगला बांधला असता."

बाई हसल्या. पण डबा भरताना डोक्यात तेच घोळत होतं. तो तास गेला तर उरणार काय, कलमं आणि जांभया. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकच गोष्ट स्वतःची अशी झाली होती, आणि ती दोन दिवसांनी बंद होणार होती.

वर्गात शिरल्या तेव्हा फळ्यावर कात्रण लागलेलं होतं. परिपत्रकाला कोर्टात आव्हान दिल्याची, म्हणजे खुद्द त्यांच्याच तासाची बातमी. आणि शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेतल्यासारखे अवघडून, प्राचार्य बसले होते.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "परवापासून बंदच आहे. म्हटलं, आज एकदा ऐकून घ्यावं."

बाईंनी विचारलं, "मुलांच्या बाजूनं कोण?" सगळा वर्ग उभा राहिला. "कॉलेजच्या बाजूनं?" सगळा वर्ग बसला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. हजेरी घेतानाही काहीतरी खुसपट काढायची, म्हणून सगळे तिला 'हरकत' म्हणत. अर्जावर पहिली सही तिचीच होती. ती उठून अगदी सरळ मनाने म्हणाली, "मॅडम, मग उरलेली बाजू तुमची."

बाई पेचात सापडल्या. नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचा नियम मुलांसमोर मोडला. हो म्हणावं, तर स्वतःच्याच तासाला फास लावायचा, तोही मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली जागा पन्नास मुलांनी अडवलेली. त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांनी ठरवलं, बोलायचं, पण बाजू पडेल असं बोलायचं. संस्थेची प्रतिष्ठा, कोर्टाचा मान, शिस्त, असं दोनचार पोकळ गोष्टींचं त्यांनी कडबोळं करून टाकलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हरकत उभी राहिली.

"मॅडम, हे तुम्ही मुद्दाम वाईट करताय."

"मी करतेय ते करतेय. तू उत्तर दे."

"याला काय उत्तर द्यायचं? आम्ही असं केलं असतं तर तुम्ही खाली बसवलं असतं. शुक्रवारी तिकडचा वकील असा थोडाच बोलणार आहे?"

मागून प्राचार्य खोकले. त्यांनाही कळलं होतं. पोरीने मात्र मदतच मागितली होती, आणि तिचं म्हणणं खरं होतं. बाईंनी खडू खाली ठेवला.

"ठीक आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे. चौकात आहे, वर्तमानपत्रात आहे. तिथं ज्याला ऐकायचं नाही तो उठून जातो. या खोलीतून उठून जाता येतं का? हजेरी लागते. तुमचे गुण कोणाच्या हातात आहेत? माझ्या. समोरचा अडकलेला असेल तर बोलणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येतं. बोलणाऱ्याचं तोंड बांधायला नाही, ऐकणाऱ्याला वाचवायला."

"पण ज्याला पटत नाही त्यानं उलटं बोलावं, मॅडम. आम्ही बोलतोच की."

"तू बोलतेस. जो बोलत नाही त्याचं काय?" बाईंचा आवाज आता नेहमीचा झाला होता, आणि त्याला लगाम घालणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "त्या सोमवारी विश्वस्तांचा पुतण्या इथंच बसला होता. तिसऱ्या बाकावर. तुम्ही त्याच्या काकांना चोर म्हणत होता आणि खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. तुमच्यापैकी कोणी बघितलं? मी बघितलं. बघितलं आणि तास छान रंगलाय म्हणून पुढे चालू ठेवला. त्यानंतर तो कॉलेजात आलेला नाही. त्याला कुठला कायदा वाचवणार होता? हे परिपत्रक त्या दिवशी असतं, तर तो आज तिथं बसलेला असता."

सगळ्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. तो मुलगा आजारी असेल, असं त्या महिनाभर स्वतःला सांगत आल्या होत्या. आता त्यांना मनापासून लाज वाटली. ती लाज युक्तिवादात किती चपखल बसली, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि मग जास्तच वाटली.

हरकत खाली बसली. दुसरं कोणी उठेना.

"हात," बाई म्हणाल्या.

मुलांच्या बाजूने सात हात वर झाले. कॉलेजच्या बाजूने बाकीचे सगळे, एकेक करत, जडपणे. हरकतचा शेवटी गेला. डोळ्यांत पाणी होतं, पण हात सरळ होता. शिकवलं होतं तसंच.

तास सुटल्यावर प्राचार्य लगबगीने पुढे आले. "मॅडम, आमच्या वकिलांनी चार पानं खरडली, पण हे नाही सुचलं त्यांना. संध्याकाळपर्यंत लिहून द्याल? तुमचा तो प्रस्तावही मी आजच पुढे पाठवतो."

"सर, ते माझं मत नव्हतं. मी फक्त ती बाजू मांडली."

"अहो, मत कोण मागतंय? मुद्दे द्या." ते खुशीत बाहेर पडले. "आणि नाही दिलेत तरी चालेल. माझ्या चांगलं लक्षात आहे."

वर्ग रिकामा झाला. हरकत तेवढी वही उघडून टेबलापाशी उभी होती.

"मॅडम, याला उत्तर सांगा. शुक्रवारी ते हेच म्हणणार."

बाईंनी शोधलं. कलमं आठवली, निवाडे आठवले. प्रत्येक वेळी त्या फिरून तिसऱ्या बाकापाशी येत होत्या. दुसऱ्या कोणाचा युक्तिवाद असता तर त्यांनी तो पाच मिनिटांत उसवला असता. पण त्यातली कच्ची जागा, जिथं बोट घालायचं, तीच त्यांनी बोलताना पक्की केली होती.

"निदान एवढं म्हणा, की तुम्ही ते रंगवून सांगितलंत."

"नाही गं. ते तसंच घडलं."

"मग अर्ज मागे घेऊ आम्ही?"

"नको," बाई इतक्या पटकन म्हणाल्या की त्यांचा त्यांनाच धक्का बसला. "मागे नका घेऊ."

"का?"

तिने ते उद्धटपणे विचारलं नव्हतं. कारण दिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, हे तिला या खोलीतच शिकवलेलं होतं. ती पेन वहीवर टेकवून थांबली.