माझ्यात बसून गेलेले

मी एक जुना लॉकर आहे. मित्रांनो, या जगात निष्ठा म्हणून काही उरली असेल तर ती फक्त लाकडात उरली आहे, असे माझे ठाम मत आहे. जन्मापासून मी माझी जागा सोडलेली नाही. अर्थात, मला भिंतीला स्क्रूंनी आवळून टाकले आहे, हेही सांगायला हवे.

अलाबामातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या खोलीत मी राहतो, खेळाडूने आत बसून कपडे बदलायचे असे उभे कपाट होऊन. पेटिस नावाच्या सुताराने गावातल्या चर्चसाठी ओकची बाके केली आणि उरलेल्या फळ्यांतून आम्हाला केले. म्हणूनच की काय, माझ्यात बसलेली मुले आपोआप मान खाली घालतात. ती बुटाच्या नाड्या बांधत असतात, ही गोष्ट वेगळी.

मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशीच माझी जागा आहे. ही मानाची जागा. इथे संघाचा पहिला रनिंग बॅक बसतो, म्हणजे चेंडू काखोटीला मारून समोरच्या धिप्पाड मुलांच्या भिंतीत घुसणारा. पहिला आला तो ब्रॅमलेट. त्याने माझ्यात चार वर्षे काढली. तेव्हा कॉलेज बदलले की वर्षभर खेळता येत नसे, त्यामुळे मुले फार एकनिष्ठ असत. हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुले आईवडिलांना घेऊन मैदानावर चालत जातात, भोंग्यावर त्यांची नावे पुकारतात, आईच्या हातात फुले देतात. ब्रॅमलेटच्या आईचे रडणे बोगद्यातून माझ्यापर्यंत आले होते. त्या काळी लोक येता-जाता माझ्या दारावरून हात फिरवत.

पुढे नियम सैल झाला. संगणकावर नाव टाकले की झाली बदली. मग मुले येऊ लागली आणि जाऊ लागली. धावण्यासाठीच त्यांना आणलेले असते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

संघाचे सामान सांभाळणारे मिस्टर ओडेल पांढऱ्या चिकटपट्टीवर मुलाचे नाव लिहून माझ्या कपाळावर लावतात. पूर्वी ते जुनी पट्टी सोलून मगच नवी लावत. नंतर त्यांनी सोलणे सोडून दिले. "खरवडून होईस्तोवर हाही जायचा," असे ते म्हणत आणि नवे नाव जुन्यावर दाबून बसवत. त्या पट्ट्यांखाली माझ्या कपाळाला सारखी खाज येई.

मित्रांनो, मी झपाटलेला आहे. इतर झपाटलेल्या जागांत मेलेल्यांची भुते असतात. माझी भुते ठणठणीत आहेत. कोणी आत एक मोजा ठेवून गेला, कोणी खेळताना दातांत धरायचे रबर, कोणी धाकट्या बहिणीने काढलेले घोड्याचे चित्र. पावसाळी हवेत माझ्या फळ्या फुगतात आणि त्या सगळ्यांचा घाम आणि मलमाचा वास एकदम सुटतो. आत कोणी नसते. तरी खुंटीवर काहीतरी टांगल्यासारखे वजन जाणवते. माझी भुते रात्री येत नाहीत. शनिवारी भर दुपारी खोलीतल्या टीव्हीवर येतात. दुसऱ्याच रंगाच्या कपड्यांत धावत असतात आणि बऱ्याचदा आमच्याहून मोठ्या मैदानावर. ती कॅमेऱ्याकडे पाहून हसली की माझी बिजागरी कुरकुरते.

मागच्या उन्हाळ्यात कोच रेडमन एका नव्या मुलाला घेऊन आले. कोच स्वतःही नवेच होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मला दाखवले.

"हे बघ बेटा, ही जागा साधीसुधी नाही. इथे बसलेले सगळे पुढे मोठे झालेत."

"कुठे, कोच?" मुलाने विचारले.

"वेगवेगळ्या ठिकाणी," कोच म्हणाले. ते खोटे नव्हते.

माझे दार अडकते. मुलाने खालून गुडघ्याचा हलका ठोसा दिला, दार वर उचलले आणि उघडले. कोच खूश झाले. "पाहिलंत ओडेल? पोरगा हुशार आहे."

मिस्टर ओडेलनी नाव न विचारताच चिकटपट्टीवर लिहिले. तो मुलगा टॅव्हिस मॅकरे होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तो माझ्यातच बसत असे. मग तो टेक्सासला गेला, तिथून कॅरोलिनाला, आणि आता फिरून माझ्याकडे आला होता. तो गेल्यानंतर संघाचे सगळेच प्रशिक्षक बदलले होते, त्यामुळे आपण आपलाच मुलगा मोठ्या मिनतवारीने परत आणला आहे, हे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. कोच गेल्यावर मिस्टर ओडेलनी विचारले, "बुटाचं माप?"

"तेच."

"आई काय म्हणते?"

"म्हणते, या वेळी तरी थांब."

त्याची आई लोरेटा कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिची एकच इच्छा होती. मुलाच्या दंडाला धरून मैदानावर चालायचे. त्यासाठी ती प्रत्येक कॉलेजच्या रंगाचा पोशाख शिवून ठेवी, आणि प्रत्येक वेळी मुलगा त्याआधीच निघून जाई. आता हे त्याचे शेवटचे वर्ष होते. मीही मनातून तिच्याच बाजूचा होतो. ब्रॅमलेटच्या आईनंतर माझ्यातल्या एकाचीही आई त्या बोगद्यातून गेली नव्हती.

चार सामने झाले आणि घोटाळा झाला. आमच्यात असा नियम आहे की चार सामन्यांपुरते खेळून थांबले, तर ते वर्ष मोजत नाहीत. ते पुढे कुठेही वापरता येते. त्यामुळे चौथ्या सामन्यानंतर मुलांची दुखणी उफाळून येतात. दुसऱ्या रनिंग बॅकची पाठ धरली. तिसऱ्याचा घोटा खरोखरच मोडला होता, आणि त्याबद्दल त्याचे सगळ्यांना कौतुक वाटले. उरला टॅव्हिस. त्याचा मामेभाऊ क्लाइव्ह, जो त्याचे व्यवहार पाहत असे, माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"गुडघा दुखतोय म्हण."

"दुखत नाहीये."

"डॉक्टरला काय कळतंय? अरे येड्या, हे वर्ष वाचव. पुढच्या साली बड्या कॉलेजात खेळशील. इथे काय आहे? कोंबड्या आणि चिखल."

टॅव्हिसने तिथूनच आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे यंत्रांची घरघर होती.

"आत्या, याचा गुडघा दुखतोय, याला समजाव," क्लाइव्ह म्हणाला.

"तू आहेस होय तिथे? मग दुखणं काय आहे ते कळलं मला," लोरेटा म्हणाली. "टॅव्हिस, ऐक. पाय तुझा, वर्षही तुझं. जायचं तर जा, मी रागावणार नाही. पण माझ्याकडे हिरवा आहे, नारिंगी आहे, जांभळा आहे. चौथा रंग मी शिवणार नाही. सांगून ठेवते."

फोन बंद झाला. क्लाइव्ह म्हणाला, "म्हणजे ती हो म्हणाली."

पाचव्या सामन्याच्या सकाळी तो माझ्यात आला तेव्हा अंगात साधेच कपडे होते. खेळणार की नाही, हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. बसल्या बसल्या त्याने हात वर करून माझ्या कपाळावरच्या पट्टीचा कोपरा नखाने उचलला. एक नाव निघाले. त्याखाली दुसरे निघाले, मग तिसरे. प्रत्येक नावाबरोबर माझ्यातून एक सुस्कारा बाहेर पडला, आणि तो त्यालाही ऐकू गेला असावा, कारण त्याने वळून आत पाहिले. आत त्याचेच कपडे होते. सगळ्यात खाली, पिवळ्या पडलेल्या पट्टीवर, मॅकरे असे लिहिलेले होते.

"लाकूड उचकटेल," मिस्टर ओडेल मागून म्हणाले.

"खाली मीच आहे."

"ठाऊक आहे. तुझीच पट्टी निघत नव्हती. तेव्हापासून सोलायचा नाद सोडला मी."

तेवढ्यात कोच आले. त्यांनी पट्टी वाचली. "हा कोण मॅकरे? तुझ्या नात्यातला?"

"लांबचा," टॅव्हिस म्हणाला, आणि त्याने खांद्यांचे कवच अंगात घातले.

तो पाचवा सामना खेळला, आणि नंतरचे सगळे खेळला. शेवटच्या घरच्या सामन्याला लोरेटा हिरव्या पोशाखात आली. पहिल्या वर्षीच शिवलेला तो पोशाख कमरेत घट्ट होत होता. भोंग्यावर टॅव्हिसची ओळख 'यंदाच आपल्या कुटुंबात आलेला' अशी करून दिली. ती रडली नाही. ब्रॅमलेटच्या आईसारखा आवाज यावा म्हणून मी वाट पाहत होतो, पण बोगद्यातून फक्त तिच्या टाचांचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला, कारण ती मुद्दाम हळू चालत होती. नंतर ती खोलीत आली आणि फुले मांडीवर घेऊन माझ्यात बसली.

"इथेच बसायचास?"

"दोन्ही वेळा."

तिने माझ्या दारावरून हात फिरवला. त्या दिवशी माझ्यात तिच्याशिवाय कोणीही नव्हते.

मित्रांनो, तुमच्या आधी तुमच्या जागेवर कोणीतरी बसलेला असतो. त्याच्या नावावर आपले नाव चिकटवण्याआधी ते एकदा वाचा. जमले तर हलक्या हाताने सोलून काढा. आणि आमच्यासारख्यांच्या बिजागरीत अधूनमधून तेल घाला.

जानेवारीत कॉलेजांच्या क्रीडा मंडळाने नियम बदलला आणि त्या हंगामात खेळलेल्या सगळ्यांना आणखी एक वर्ष मिळाले. टॅव्हिस आता केंटकीत खेळतो.